अर्धा न

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि मला तुम्हा माणसांचा राग येतो. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर आपली मैत्री कसली? तुम्ही माझ्यावर लिहिता, मग पुसता, पानाचा चुना माझ्या चौकटीला पुसता आणि वर म्हणता, "फळ्याला काय कळतंय!" सगळं कळतं. तीस वर्षं वडप्याच्या नाक्यावर उभा होतो मी, काय समजलात?

माझा जन्म भिवंडीतला. कापडाच्या एका कारखान्यात नवे लूम, म्हणजे यंत्रमाग, आले होते आणि त्यांच्या खोक्यांची लाकडं रस्त्यावर टाकली होती. चिंधू नावाच्या सुताराने त्यातली चार बरी लाकडं निवडली, रंधा मारला, सांधली आणि भोवती चौकट ठोकली. मग जुने बॅटरीचे सेल फोडले, आतली काळी पूड घेवड्याच्या पाल्यात चेचली आणि ती माझ्या अंगाला चोळली. दोन दिवस मला पाल्याचा वास येत होता. चिंधूने मला तळहाताने थोपटलं आणि म्हणाला, "बरा झालाय." माझं तेवढंच कौतुक कुणी मनापासून केलं असेल. बाकीची कौतुकं स्वतःचं नाव माझ्यावर लिहून घ्यायला आलेल्यांची.

मला विकत घेतलं ते इथल्या व्यावसायिक मंडळाने. तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंना भातशेती होती, मंडळात पाच-सहा दुकानदार. मग शेतं गेली, गोदामं आली, गोदामांमागे ट्रक, ट्रकांमागे हमाल, आणि हमालांमागे चहा, भाकरी, पंक्चर, दोरखंड, ताडपत्री. ही सगळी खबर माझ्या अंगावर. 'कंटेनर रिकामा करायला आठ माणसं पाहिजेत, उद्या सकाळी सात.' 'रामदास टायरवाल्याकडे नवीन हवेचं मशीन.' 'ठमाबाईच्या खानावळीत आज बोंबलाचं कालवण.' ड्रायव्हर ट्रक हळू करून मला वाचायचे. काल्हेर गावची माणसं काम शोधत यायची ती आधी माझ्यासमोर उभी राहायची, आणि मगच चहा प्यायची.

लिहायचा नामा. वजनकाट्यावर गाड्यांची वजनं टिपणारा साधा माणूस, पण अक्षर असं की बघत राहावं. रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचा, वाळू द्यायचा, मग खडूला टोक काढून लिहायला घ्यायचा. तीस वर्षांत त्याचं एक अक्षर चुकलं नाही. खोटं कशाला बोलू, माणसांत मला एकच आवडायचा, तो नामा. त्याचंच सांगायचं आहे.

आमच्याकडे गुढीपाडव्याला एक रिवाज होता. काट्यामागची हायवेला लागून असलेली जागा मंडळाची. तिथे चौदा लहान धंदे चालायचे. पाडव्याच्या सकाळी नामा माझ्यासमोर उभा राहून एकेक नाव पुकारायचा. "रामदास, टायर!" रामदास ओरडायचा, "हाय!" की नामा नावापुढे लिहायचा, हाय. तीनदा पुकारूनही कुणी ओ दिली नाही तर लिहायचा, न्हाय. 'हाय' लिहिलेल्याची जागा वर्षभर त्याची, 'न्हाय' लिहिलेल्याची मोकळी. पुढच्या रविवारी चैत्र मेळाव्यात अध्यक्ष ती यादी माझ्यावरून मोठ्याने वाचायचे आणि नारळ फोडायचे. नारळ फुटला की बोलणं संपलं. मोबाइलवर ग्रुप झाला तरी यादी माझ्यावरच राहिली, कारण ग्रुपवरचा मेसेज कोण कधी सगळ्यांसाठी डिलीट करील, याचा भरवसा कुणालाच नव्हता.

यादीत शेवटचं नाव असायचं संघरत्नाचं. त्याच चिंधूची मुलगी. बाप गेल्यावर तिने हातोडी घेतली. गोदामात माल ठेवायला ते लाकडी पाट असतात ना, पॅलेट म्हणतात, ते ट्रकमधून उतरतानाच मोडतात. ती ते दुरुस्त करायची. आधी एकटी, मग सहा बाया. पॅलेट जिथे उतरतात तिथेच दुरुस्त व्हायला हवेत. दोन मैल आत नेऊन ते कोण दुरुस्त करून आणणार? म्हणजे हायवेलगतची ती जागा गेली की तिचा धंदा गेला आणि सहा चुली विझल्या. अर्ध्या लोकांपेक्षा तिचा धंदा जुना, तरी नाव कायम शेवटी. का, ते कुणी फळ्यावर लिहीत नाही. पण तिचा 'हाय' सगळ्यात मोठा असायचा. नाक्यावरची कुत्री दचकायची.

आता अध्यक्षांबद्दल. भूपेशशेठ! बापाने चिखल तुडवला, याने गाळे भाड्याने दिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, नशीब ज्याचं त्याचं. माझी तक्रार अशी की याचा वाढदिवस माझ्या अंगावर चार दिवस राहायचा आणि आठ हमालांच्या कामाची खबर त्यासाठी पुसली जायची. वजनकाटाही त्याचाच, म्हणजे नामाच्या पोटापाण्याची दोरीही त्याच्याच हातात.

या वर्षी त्याचा भाचा हितेश ठाण्याहून आला. शिकलेला, गोड बोलणारा, वाईट नव्हे पण पोकळ. म्हणाला, "मामा, हा चैत्र मेळावा एकदम जुनाट वाटतो. आपण स्प्रिंग नेटवर्किंग मीट करू. मुंबईच्या कंपन्यांची माणसं बोलवू. सगळे एकमेकांना भेटतील, कार्ड देतील, कॉन्टॅक्ट वाढतील."

"कंपनीवाले येतील ना नक्की?" शेठने विचारलं.

"येतील की! त्यांना कंटेनर लावायला जागा हवी आहे. तेवढी दाखवा, मग बघा."

मित्रांनो, त्याच क्षणी शेठची नजर काट्यामागे गेली. तिथे मोडक्या पॅलेटचा ढीग होता आणि संघरत्ना तोंडात चार खिळे धरून ठोकत बसली होती. मला नजर कळते. माझ्याकडे बघणारा वाचतोय की लपवतोय, हे मला पहिल्या ओळीला कळतं.

पाडवा नेहमीसारखा झाला. नामाने पुकारलं, "संघरत्ना, पॅलेट!" तिने असा 'हाय' दिला की ठमाबाईच्या हातातून गूळ पडला. नामा हसला आणि लिहिलं, हाय. चौदाच्या चौदा नावांपुढे हाय.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला ऊन असं की नाक्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळे जेवायला आत. शेठ नामाला घेऊन माझ्यासमोर आला.

"शेवटच्या नावापुढं न्हाय कर," तो म्हणाला.

नामाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुनाच्या, शेठ?"

"वाचता येतंय ना तुला? शेवटच्या."

"पन पाडव्याला ती चारचौघांत हाय बोल्लीय, शेठ. सगल्यांनी ऐकलंय."

"बोललेलं वाऱ्यावर जातं, नामा. उद्या मी वाचणार, नारळ फोडणार, विषय संपला. पुसायची पण गरज न्हाय. हायच्या आधी नुसता अर्धा न घाल." मग आवाज खाली आणून त्याच्या कानाशी म्हणाला, "काटा कॉम्प्युटरवर टाकायचं चाललंय. तुला ठेवायचं का न्हाय, त्येच बघतोय मी."

बघा, कसं असतं. कुंपणच शेत खायला निघालं, आणि वर माणुसकी दाखवतंय की सगळं नको, अर्धंच खा.

मला वाटलं नामा नाही म्हणेल. मला वाटलं निदान उद्यावर टाकेल, खडू संपला म्हणेल, काहीतरी कारण काढेल. त्याने खिशातून खडू काढला, अंगठ्याच्या नखाने टोक केलं, आणि घातला अर्धा न. हात थरथरला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. थरथरला नाही. इतका सुबक न त्याने आयुष्यात काढला नसेल. मी लाकूड आहे, मला अंग चोरता येत नाही. आलं असतं तर त्या खडूखालून सरकलो असतो. शेठने माझ्यावर पिवळं कापड टाकलं, म्हणाला उद्या पाहुण्यांसमोर उघडू, आणि मी रात्रभर ते अक्षर छातीवर घेऊन आंधळा राहिलो.

रविवारी सकाळी गोदामासमोर मांडव. कूलर, कोकम सरबत, पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या. हितेशने ठाण्याहून मेघाली नावाची मुलगी आणली होती. ती दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक गोल चिठ्ठी चिकटवत होती. चिठ्ठीवर वर छापलेलं, 'हाय! मी', आणि खाली ती पेनाने नाव लिहायची. शहरात भेटल्यावर 'हाय' म्हणतात, त्यातला तो हाय. पण आमच्या नाक्याला त्या हायची ओळख कुठली?

ठमाबाईने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "हाय मी ठमाबाई. अगो, ठमाबाई हायच ना मी? न्हाय कोन म्हनतो?"

"आजी, ते हाय म्हणजे हॅलोसारखं," मेघाली म्हणाली.

"मंग हॅलो लिव ना! शुभकार्यात हाय हाय कशाला?"

रामदासवर पोट धरून हसायची पाळी आली. मलाही कापडाखाली हसू आलं, नाही म्हणत नाही. मग संघरत्ना आली. धुतलेली निळी साडी, बोटांना खिळ्यांचे काळे डाग. मेघालीला बिचारीला काय ठाऊक? तिने नाव विचारलं, लिहिलं आणि चिठ्ठी चिकटवली. 'हाय! मी संघरत्ना.' संघरत्ना शेवटच्या रांगेत आपल्या सहा बायांबरोबर बसली.

हितेशने माईकवर सांगितलं की आज प्रत्येकाला एक मिनिट मिळेल, एका मिनिटात आपला धंदा सांगायचा. कंपनीचे पाहुणे पुढे बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. मग टाळ्यांच्या गजरात माझं कापड काढलं आणि शेठ नारळ हातात घेऊन यादी वाचायला लागला. पहिली तेरा नावं त्याने घोळवून, टाळ्या घेत वाचली. चौदावं एका श्वासात उरकलं. "संघरत्ना पॅलेट न्हाय." आणि नारळ उचलला.

"थांबा," मागून आवाज आला.

संघरत्ना उभी राहिली होती. हितेशला वाटलं, बाईला आपलं एक मिनिट हवंय. तो खूश! चांगला पळत गेला आणि स्वतःच्या हाताने माईक तिला देऊन म्हणाला, "येस मॅडम, तुमचं एक मिनिट सुरू." शेठचा चेहरा मी समोरून बघत होतो. तीस वर्षांत मला इतकं सुख झालं नव्हतं.

तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी संघरत्ना. मोडलेले पॅलेट दुरुस्त करते. ह्या सहा बाया माझ्याकडं हायत. इथल्या समद्या गोदामांत मी ठोकलेले पॅलेट हायत." ती थांबली. छातीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे केलं. "दारात तुमी मला हाय लिवलंय. फळ्यावर न्हाय लिवलंय. दोन्ही तुमीच लिवलंय, शेठ. मंग मी हाय का न्हाय? कंचं खरं?"

कंपनीचे पाहुणे हसले. त्यांना वाटलं, गावाकडचा विनोद. आमच्या माणसांत कुणी हसलं नाही.

शेठ मुरलेला. तोंडावरचं हसू न हलवता म्हणाला, "अगं, लिहिण्यात चूक झाली असंल. म्हातारा झालाय आमचा नामा. काय रे नामा, चुकलास ना?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या याच. आता तुम्ही नीट ऐका. नामाला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. संघरत्नाची जागा राहिली असती, शेठची अब्रू राहिली असती, नामाची नोकरी राहिली असती. गेलं असतं फक्त नामाचं अक्षर. सगळा नाका म्हणाला असता, नामाला आता लिहिता येत नाही. सौदा स्वस्त होता.

नामा खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला, माझ्याजवळ. संघरत्नाकडे त्याला बघवेना, म्हणून माझ्याकडे बघत बोलला.

"पाडव्याला ही हाय बोल्ली. मी हाय लिवलं. काल दुपारी शेठ बोल्ले, अर्धा न घाल. मी घातला. चूक न्हाय झाली माझी. समजून उमजून लिवलं मी."

"पाडव्याला मी ऐकलंय," ठमाबाई उभी राहून म्हणाली. "हाय बोल्ली ती. माझा गूळ पडला ना!" बाकीच्या बाराजणांनी काय केलं विचारा. चपला बघितल्या! ज्यांच्यासाठी ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा हातोडी घेऊन यायची, ते चपला बघत बसले. पुढे बसलेल्या एका पाहुणीने टाळी वाजवली, तेव्हा कुठे सगळ्यांना टाळ्या सुचल्या. वारा येईल तशी पाठ देणारी माणसं, मला तेव्हाही त्यांची किळस आली आणि आजही येते. रामदाससुद्धा त्यांतच, म्हणून त्याच्या हवेच्या मशीनची जाहिरात मी परत घेतो.

"मग हाय लिव," शेठ दात आवळून म्हणाला. त्याला पाहुण्यांसमोर दुसरं काय म्हणता येणार होतं? नामाने सदऱ्याच्या बाहीने तो अर्धा न पुसला. नारळ फुटला.

संघरत्नाची जागा वर्षभरासाठी राहिली. पण शेठसारखी माणसं हरलेली विसरत नाहीत, मित्रांनो. आठवड्याच्या आत काटा कॉम्प्युटरवर गेला आणि नामा घरी. माझ्या जागी भला मोठा स्क्रीन लागला. त्यावर लाल अक्षरं येतात आणि जातात; ती कुणी लिहिली, कुणी बदलली, कळायला वाव नाही. मला काट्यामागच्या भंगारात उपडं टाकलं. तीन दिवस माझ्या पाठीवर एक कुत्रं झोपलं. चौथ्या दिवशी संघरत्ना दोन बायांना घेऊन आली आणि मला उचलून आपल्या पॅलेटच्या ढिगाला टेकवून उभं केलं. कुठल्या गोदामाचे किती पॅलेट, कोण बाई आज रजेवर, असलं साधं आता माझ्यावर असतं. अक्षर वाकडंतिकडं, कारण बायांपैकी जिला जसं जमेल तसं ती लिहिते.

वज्रेश्वरीच्या जत्रेच्या आसपास एका सकाळी नामा तिथे आला. हडकला होता. बाया ठोकत होत्या, त्या थांबल्या नाहीत.

"पोरी, चुकलं माझं," तो म्हणाला. "माफ कर."

संघरत्नाने तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. "मांडवात खरं बोललात, काका, म्हनून मी हाय इथं. त्ये इसरनार न्हाय. पन लिवताना माझ्या सहा बाया तुमाला दिसल्या न्हायत, त्ये बी इसरनार न्हाय. माफ करायचं मला जमत न्हाय."

नामाने मान हलवली आणि तो वळला. मीही मनात म्हणालो, जा, बरं झालं. माझा राग अजून ओला होता.

"कुटं चाल्लात?" ती म्हणाली. "ह्या बायांचं अक्षर कोनाला लागत न्हाय. परवा साठ पॅलेट भलत्याच गोदामात गेले. खडू हाय तिथं. लिवायचं तर लिवा. पन जे लिवनार त्ये आधी मोठ्यानं बोलायचं, समद्या बायांना ऐकू जाईल असं. मंग लिवायचं."

म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला. खडूला टोक काढलं. अंगणात हातोड्यांचा गलका, हायवेला ट्रकांचा. तीस वर्षं चौदा नावं पुकारायचा तशी त्याने मान वर केली. मग ओरडला, "संघरत्ना, मालकीन!"

"हाय!" ती म्हणाली, हातोडी न थांबवता.

त्याने लिहिलं. आणि या वेळी, मित्रांनो, त्याचा हात थरथरला.

तर माझी तुमच्याकडे एवढीच विनवणी, आणि ती मी रागानेच करतो. मला रंग नाही दिलात, पुसलं नाहीत तरी चालेल, पावसात ठेवा, उन्हात ठेवा, मी लाकूड आहे, सोसेन. पण तुमच्याही हातात कधीतरी खडू येईल, आणि कुणीतरी शेजारी उभं राहून कानात सांगेल की एवढंसं लिही, कुणाला कळणार नाही. त्याला म्हणा, हे मोठ्याने बोल. नाही बोलला, तर खडू खाली ठेवा.